मुक्त परवाने (प्रताधिकार)

मुक्त परवाने : लेखन, छायाचित्र, संगीत, अक्षरसंच इ. कृतींचा प्रताधिकार स्वतःकडे ठेवून, त्या वापरण्याची कर्त्याने सर्वांना आगाऊ दिलेली सशर्त परवानगी. मुक्त म्हणजे प्रताधिकारविरहित नव्हे. परवान्याच्या अटींना बळ मिळते ते प्रताधिकारामुळेच. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. स्वाक्षरीची अट २०१२ च्या दुरुस्तीने गेली.

प्रकार : क्रिएटिव्ह कॉमन्स (स्थापना २००१) या संस्थेचे परवाने सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिला संच डिसेंबर २००२ मध्ये आणि चौथी आवृत्ती २०१३ मध्ये आली. श्रेयनिर्देश (बाय), समान परवाना (एसए), अव्यापारी वापर (एनसी) आणि बदलास मनाई (एनडी) या चार अटींच्या जुळणीतून सहा परवाने होतात. शेवटच्या दोनपैकी एखादी अट असलेले परवाने अनेक जण मुक्त मानत नाहीत. मराठी विकिपीडियाचा (स्थापना १ मे २००३) मजकूर बाय-एसए परवान्याखाली आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये याच परवान्याखाली खुला केला.

पुनर्वापर : कृतीचे शीर्षक, कर्ता, मूळ ठिकाण व परवान्याचे नाव आवृत्तीसह द्यावे, बदल केल्यास तसे नमूद करावे. ‘साभार : इंटरनेट’ हा श्रेयनिर्देश नव्हे. एसए कृतीचा अनुवाद प्रसिद्ध करताना त्यालाही तोच परवाना लावावा लागतो. जाहिराती घेणाऱ्या दिवाळी अंकात एनसी छायाचित्र छापणे जोखमीचे आहे. अट मोडल्यास परवाना संपतो. चौथ्या आवृत्तीत, चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली तर तो आपोआप पूर्ववत होतो. छायाचित्रातील व्यक्तीची संमती परवान्यात येत नाही.

मुदत : प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो (१९९२ पूर्वी ५०). मुदत संपल्यावर परवान्याची गरज उरत नाही. मात्र ही गणना कृतीगणिक बदलते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (मृत्यू ६ डिसेंबर १९५६) यांच्या ग्रंथांवरून दिसते. हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मरणोत्तर प्रकाशनाची मुदत कलम २४ नुसार प्रकाशनवर्षापासून मोजतात. त्यामुळे १९५७ चा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ २०१८ मध्ये मुक्त झाला, तर महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम छापलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ची मुदत याच हिशेबाने २०४७ अखेर संपेल. मूळ मुक्त झाले तरी त्याच्या मराठी अनुवादाचा प्रताधिकार स्वतंत्र असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (मृत्यू १९६८) हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. भजनांच्या ध्वनिमुद्रणाची वेगळी.

वास्तू व शिल्पे : नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप (वास्तुशिल्पी शेवदान मल; उद्घाटन १८ डिसेंबर २००१) ही प्रताधिकारक्षम वास्तुकृती आहे. तरी कलम ५२ (१) (एस) मुळे तिचे छायाचित्र घेण्यास व प्रसिद्ध करण्यास वास्तुशिल्पीची परवानगी लागत नाही. पुढच्याच उपखंडाने सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्यांनाही ही सवलत दिली आहे. सवलत मूळ कृतीपुरती आहे. छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराकडे राहतो. त्याने मुक्त परवाना दिला असेल तरच ते न विचारता छापता येते, तेही अटी पाळून. चौकातील भित्तिचित्र या सवलतीत बसत नाही. तेथे चित्रकार आणि छायाचित्रकार अशा दोघांची परवानगी पाहावी लागते.

अक्षरसंच : ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्ता’ हा देवनागरी संच ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, छपाईसाठी मोफत, पण संच सुटा विकण्यास मनाई.

नैतिक हक्क : कर्तृत्व सांगण्याचे व कृतीची विकृती रोखण्याचे हे हक्क (कलम ५७) प्रताधिकार हस्तांतरित केल्यावरही कर्त्याकडेच राहतात.