बंब गावाचा, सल्ला दिल्लीचा

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागले होते. कराचीहून आलेल्या या जहाजाच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच शेजारी कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज बाहेर ओढून न्यावे की जागीच बुडवावे, यावर धक्क्यावर खल चालला. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळा अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख असे सगळे हजर होते. पण सर्वांना मानावाच लागेल असा हुकूम द्यायचा कोणी, हे शेवटपर्यंत ठरले नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

त्या दिवशी घरांवर येऊन पडलेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट लोक अजून चवीने सांगतात. मला अधिक खुपतो तो धक्क्यावरचा खल.

स्वातंत्र्यानंतर १४ एप्रिल हा अग्निशमन दलांचा स्मृतिदिन झाला. हुकूम कोणाचा, हा प्रश्न मात्र वेगळ्या रूपात उरला. आग विझवणे हे काम राज्यांचे आणि नगरपालिकांचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तर ‘अग्निशमन सेवा’ नगरपालिकांच्या विषयांत स्पष्टच नोंदवली आहे. मोठ्या उद्योगांचे रक्षण करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा सोडली, तर गावोगावच्या आगींवर धावणारे दल दिल्लीकडे नाही. मग केंद्राने करायचे काय? शिकवायचे आणि सल्ला द्यायचा.

पन्नाशीच्या दशकात केंद्रीय गृह मंत्रालयाने स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. किती वस्तीला किती बंब, याचे प्रमाण तिने घालून दिले: तीन लाखांपर्यंतच्या शहरात दर ५०,००० लोकांमागे एक. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. वेगवेगळ्या राज्यांतले अधिकारी तिथे एकाच मैदानावर कवायत करतात, एकच पद्धत शिकतात. याचा उपयोग वरवर पाहता लक्षात येत नाही. शेजारच्या शहराचा बंब मदतीला धावून आला आणि त्याच्या होजचे टोक आपल्या नळीला बसलेच नाही, तर ती मदत काय कामाची? होजची जोडणी कशी असावी यासाठी भारतीय मानक ९०३ आहे. असल्या रुक्ष कागदांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. माझ्या मते केंद्राचे खरे यश इथेच आहे.

कायद्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. गृह मंत्रालयाने अग्निशमन दलासाठी नमुना विधेयक तयार करून १९५८ मध्ये राज्यांकडे धाडले. नमुना म्हणजे घ्यावासा वाटला तर घ्यावा. २०१९ मध्ये नवे नमुना विधेयक धाडावे लागले, मधली ६१ वर्षे गेली. २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आली. तिच्यातला काही पैसा कायद्यात सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी वेगळा ठेवला आहे. सल्ला कानाआड गेला, आता थैली दाखवून पाहत आहेत, एवढेच म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. २००६ चा हा कायदा २००८ पासून अमलात आला. इमारतीतील आगरोधक व्यवस्था चालू स्थितीत ठेवणे ही त्यात मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर नव्हते ते इथे कागदावर होते. जबाबदार कोण, हे ठरलेले होते.

८ जानेवारी २०२१ ची रात्र उलटून ९ तारीख उजाडण्याआधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १० बाळे दगावली. देशभरच्या अधिकाऱ्यांना आग कशी रोखावी हे शिकवणारे नागपूरचे महाविद्यालय तिथून जेमतेम दीड तासाच्या वाटेवर आहे. त्या रुग्णालयाच्या दारात जाऊन तपासणी करण्याचा अधिकार मात्र तिथल्या कोणत्याही शिक्षकाला कायद्याने नाही.