मुळशीच्या जलाशयाकांठीं

पूर्वीं ज्याला अबिसीनिया म्हणत त्या इथिओपियांत, आदिस अबाबाच्या आग्नेयेस, बिशोफ्तू नांवाचें नगर आहे. विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखांत पाणी सांचून तेथें तळीं झालीं आहेत. लोक तेथें नौकाविहारास जातात. पावसाळा सरल्यावर होरा तळ्याच्या कांठीं ओरोमो लोक इरीचा नांवाचा कृतज्ञतेचा उत्सव करतात. आपल्याकडे लोणारचें तळें आकाशांतून आलेल्या अशनीनें खोदलें. मुळशीचें तळें माणसांनीं केलें, आणि तें करतांना तेथें नांदत असलेलीं माणसें उठवावीं लागलीं. त्यामुळें येथें काय पाहावें हें सांगणाराला पाण्यावरचें आणि पाण्याखालचें, असें दोन्ही सांगणें प्राप्त होतें.

पुण्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता पौडावरून ताम्हिणी घाटाकडे जातो. तालुक्याचें नांव मुळशी असलें तरी कचेरी पौडास आहे. भाद्रपदांत तळें काठोकांठ भरतें, भातखाचरें हिरवीं असतात आणि ताम्हिणीचे कडे धबधब्यांनीं पांढरे होतात. घाटांतल्या रानांत शेकरूहि आढळते. गडांची हौस असणारानें एकोल्याचा घनगड चढावा; पण तळें समजून घ्यावयाचें असेल तर कैलासगडासारखी जागा नाहीं. तेथून पाण्याला फुटलेले अनेक फांटे दिसतात. एकेक फांटा म्हणजे एकेक ओढ्याची दरी. या दऱ्यांत एके काळीं गांवें होतीं, आंबेमोहोर पिकविणारीं खाचरें होतीं.

मुळेचें पाणी स्वभावतः पूर्वेस वाहतें व भीमेच्या वाटेनें अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें. टाटा कंपनीची योजना अशी कीं, निळा व मुळा यांच्या संगमाजवळ बांध घालून तें अडवावें, बोगद्यानें पश्चिमेकडे वळवावें व सह्याद्रीवरून सुमारें पांचशें मीटर खालीं भिऱ्यास सोडून त्यावर वीज काढावी. मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना ती वीज हवी होती. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर चालू झालें. वापरून झालेलें पाणी कुंडलिकेंत जातें. कोलाडास रबरी होड्यांतून प्रवाहाच्या उड्या अनुभवणारे हौशी लोक ज्या पाण्यावर तरंगतात तें बव्हंशीं मुळशीचेंच असतें. कल्पकतेच्या दृष्टीनें योजना अचाट होती, हें तिच्या विरोधकांनाहि नाकारतां आलें नसतें.

तंटा होता तो जमिनीचा. रीतसर संपादन होण्यापूर्वींच शेतांत चर खणले जाऊं लागले, तेव्हां मावळे खवळले. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें बाराशें मावळे बांधाच्या जागेवर जाऊन बसले व काम थांबलें. पुढें कांहीं महिन्यांची तहकुबी झाली. ती सरतांच काम पुन्हां सुरू झालें, आणि सत्याग्रहहि. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनीं तुरुंगवास पत्करला. मावळांतल्या स्त्रियाहि तुरुंगांत गेल्या. त्यांची आठवण क्वचितच निघते.

मग हा लढा हरला कां? सरकार कंपनीच्या पाठीशीं होतें हें खरें. पण तेवढेंच कारण पुरेसें नाहीं. खोऱ्यांतील बऱ्याच जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारे मावळे त्यांचीं कुळें होतीं. मालकाला जमिनीचा भाव हवा होता, कुळाला जमीन. मोबदल्याची रक्कम वाढण्याचीं चिन्हें दिसतांच मालकांचा उत्साह ओसरला. कुळाच्या पदरांत त्या रकमेंतून कितीसें पडणार? लढ्याची कंबर मोडली ती येथें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९२४ च्या डिसेंबरांत बापटांनीं मोजक्या साथीदारांसह हातीं शस्त्र घेऊन बांधाच्या कामावरील आगगाडी अडविली. सत्याग्रहाच्या मार्गांत हें बसत नव्हतें, आणि तसें त्यांना सुनावणारेहि होते. सात वर्षांची शिक्षा त्यांनीं भोगली. ‘सेनापति’ ही पदवी मात्र याच लढ्यानें त्यांच्या नांवाला कायमची जोडली. पन्नासच्या आसपास गांवांना या धरणाची झळ लागली. कांहीं वस्त्या कांठावर वर सरकल्या, कांहीं लोक दूर पांगले.

तळें पाहावयास लोक बहुधा पावसाळ्यांत जातात. चैत्रांत पाणी खालीं गेलेलें असतें, कांठचा तांबडा उतार उघडा पडतो आणि ऊन चांगलेंच भाजतें. त्यामुळें प्रवासी त्या दिवसांत फारसा फिरकत नाहीं. परंतु १९२१ चे मावळे उघड्यावर बसले ते याच उन्हांत. रामनवमीच्या सुमारास सकाळीं लवकर निघून गेल्यास तीं बांधाजवळची जागा दुपारच्या आंत निवांतपणें पाहून होते.