वाकडे पाऊल आणि शस्त्रवैद्य

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासाचे एकच चित्र बहुधा आपल्यापुढे ठेवण्यात येते: शस्त्र अधिकाधिक धीट होत गेले आणि व्याधी मागे हटत गेली. हे चित्र सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु जन्मतः वळलेल्या पावलाच्या उपचाराचा इतिहास पाहिला असता निराळाच बोध होतो. येथे खरी प्रगती झाली ती शस्त्र आवरते घेण्याने, असे आमचे मत आहे.

इंग्रजीत ज्यास क्लबफूट म्हणतात, त्या व्यंगात पाऊल आत व खाली वळते, टाच वर ओढली जाते आणि मूल पावलाच्या कडेवर चालू लागते. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत यावरील उपाय हाताचाच आहे: मूल तान्हे असतानाच पाऊल हळूहळू वळवावे आणि पट्ट्यांनी बांधून ठेवावे.

शस्त्राचा प्रवेश पुष्कळ उशिरा झाला. पोटरीस टाचेशी जोडणारी जाड कंडरा कापली तर टाच खाली येईल, हे ध्यानी घेऊन फ्रान्समध्ये देलपेश याने १८१६ साली ती कापली. पण जखम चिघळली. १८३१ साली हॅनोव्हरच्या स्ट्रोमायर याने तीच कंडरा कातडीस केवळ एक बारीक छिद्र पाडून आतल्या आत कापली. जखम लहान, म्हणून धोकाही लहान.

विल्यम जॉन लिटल या लंडनच्या तरुण वैद्याचे पाऊल बालपणीच्या आजाराने असेच वाकडे झाले होते. १८३६ साली त्याने हॅनोव्हरला जाऊन स्वतःचा पाय स्ट्रोमायरच्या स्वाधीन केला. ईथरने गुंगी देण्याचा जाहीर प्रयोग व्हावयास अजून दहा वर्षे होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या धैर्याची कल्पना येईल. पाय सुधारला. लिटल ती विद्या शिकून स्वदेशी परतला आणि १८३८ साली त्याने अशा रुग्णांसाठी लंडनमध्ये स्वतंत्र संस्था काढली. रोगी होता तोच वैद्य झाला!

परंतु विद्या एक आणि तिची हौस दुसरी. फ्लोबेर याच्या ‘मादाम बोव्हारी’ या १८५७ च्या कादंबरीत एक सामान्य खेडवळ डॉक्टर कीर्तीच्या मोहाने खाणावळीतील गड्याच्या पायावर हीच क्रिया करतो. पाय सडतो आणि शेवटी मांडीपासून कापावा लागतो. शस्त्र हाती आले म्हणजे विवेकही येतोच असे नाही, हे कादंबरीकाराने नेमके हेरले होते.

पुढे गुंगीची औषधे आली, लिस्टरने १८६७ साली जंतुनाशनाची पद्धत प्रसिद्ध केली, आणि शस्त्रवैद्याचे भय सरले. विसाव्या शतकात सांध्यांची आवरणे व बंध विस्ताराने कापून पाऊल सरळ करण्याचा प्रघात पडला. पाऊल सरळ दिसे. पण वय वाढले म्हणजे अशी पुष्कळ पावले ताठर, दुबळी आणि दुखरी होत.

हे ज्याच्या ध्यानी आले तो इग्नासिओ पोन्सेती. मिनोर्का बेटावरील घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा स्पेनच्या यादवी युद्धानंतर देशोधडीस लागला आणि १९४१ साली अमेरिकेत आयोवा येथे पोहोचला. त्याने हाडांचा व बंधांचा बारकाईने अभ्यास करून जुना हाताचाच मार्ग शास्त्रशुद्ध केला. दर आठवड्यास पाऊल थोडे वळवून प्लास्टर घालावयाचे. अशी पाचसहा प्लास्टरे झाली म्हणजे बहुतेकांच्या टाचेमागची कंडरा छिद्रातून कापावयाची. आणि मग सुमारे चार वर्षांपर्यंत झोपताना दोन बूट जोडलेली पट्टी घालावयाची. १९६३ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरीही जगाने ही पद्धत मनापासून स्वीकारावयास आणखी तीसेक वर्षे लागली. मोठ्या छेदाचा दिमाख सोडणे तज्ज्ञांसही जड जाते.

आज आपल्याकडील सरकारी रुग्णालयांतही ही पद्धत चालते. तथापि तिचा शेवटचा आणि सर्वांत लांब भाग रुग्णालयात नव्हे, घरी पार पडावयाचा असतो. मूल रडते म्हणून पट्टी सोडली की पाऊल पुन्हा वळू लागते. आणि ज्या घरात ग्रहण न पाळल्याचा दोष आईच्या माथी मारून सारे स्वस्थ बसतात, तेथे उपचाराचे मोलाचे पहिले आठवडे फुकट जातात. शस्त्रवैद्याने आपला अभिमान आवरला, त्यास दीड शतक लागले. घरातील वडीलधाऱ्यांनी आपला गैरसमज टाकावयास तेवढा काळ घेऊ नये.