किशोर कादंबरीतील मृत्युविचार

मृत्यूची अटळता आणि तिच्या जाणिवेतून जीवनाला लाभणारी उत्कटता यांचे कुमारवयीन वाचकांसाठी केलेले चित्रण. याचे मूळ धार्मिक बोधवाङ्मयात आढळते. इंग्रज प्यूरिटन धर्मोपदेशक जेम्स जेनवे याच्या अ टोकन फॉर चिल्ड्रन (१६७१–७२) या ग्रंथात श्रद्धेने मृत्यूला सामोऱ्या गेलेल्या बालकांच्या कथा आहेत. मृत्यूची सिद्धता हाच तेथे जगण्याचा हेतू होय. लुइझा मे ऑल्कट (१८३२–८८) हिच्या लिट्ल विमेन (२ भाग, १८६८-६९) या कादंबरीत बेथचे मरण हा कौटुंबिक अनुभव झाला. त्यामागे लेखिकेच्या बहिणीच्या मृत्यूचे दुःख होते. मराठीत साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात मातृवियोग हा संस्कारांचा कळस ठरला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपदेशाची जागा प्रश्नांनी घेतली. स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन (१९०७–२००२) हिच्या द ब्रदर्स लायनहार्ट (१९७३) या कादंबरीत दोन भाऊ मरणोत्तर अद्भुत प्रदेशात जातात. तिच्या शेवटात आत्महत्येचे सूचन असल्याचा आक्षेप घेण्यात आला. नॅटली बॅबिट (१९३२–२०१६) हिच्या टक एव्हरलास्टिंग (१९७५) मध्ये अमरत्व देणारा झराच शापरूप ठरतो. बदल आणि वाढ थांबलेले अस्तित्व जगणे नव्हे, हे ओळखून नायिका मर्त्य जीवन पत्करते. कॅथरिन पॅटर्सन हिने आपल्या मुलाची मैत्रीण वीज पडून दगावल्यानंतर ब्रिज टू टेराबिथिया (१९७७) लिहिली. तिला १९७८ चे न्यूबेरी पदक मिळाले. तथापि अमेरिकेतील काही शाळांतून तिच्यावर आक्षेपही आले. मुलांना मृत्यूपासून दूर ठेवावे, की त्याचे सत्य सांगावे, हाच या वादांचा गाभा होता.

एकविसाव्या शतकात मरणोन्मुख किशोर स्वतः निवेदक झाला. जेनी डाउनहॅमच्या बिफोर आय डाय (२००७) मधील रक्तकर्करोगग्रस्त मुलगी मृत्यूपूर्वी करावयाच्या गोष्टींची यादी करते. बालरुग्णालयात धर्मसेवक म्हणून काम केलेल्या जॉन ग्रीन याच्या द फॉल्ट इन अवर स्टार्स (२०१२) मधील कर्करोगग्रस्त नायिका रुग्णाला वीर ठरविणाऱ्या भाबड्या कल्पना नाकारते. आयुष्याचे मोल लांबीवर अवलंबून नसते, ही धारणा या कादंबऱ्यांत समान आहे. मृत्यू हा जेनवेकडे जीवनाचा निकष होता. येथे तो केवळ मर्यादा आहे आणि निकष जगण्यातच शोधला जातो.