कॅमशाफ्ट टायमिंग
कॅमशाफ्ट टायमिंग म्हणजे चतुर्घाती इंजिनातील झडपा, अर्थात व्हॉल्व्ह, पिस्टनच्या स्थितीनुसार केव्हा उघडाव्यात व केव्हा मिटाव्यात याचे नियोजन होय. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. झडपांचा काळ मात्र क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात.

खुणांची मर्यादा
मूळ इंजिनात गिअर, चेन किंवा पट्ट्याच्या खुणा जुळवल्या की टायमिंग जुळते. शेतीपंपाच्या एकसिलिंडरी डिझेल इंजिनांत बहुधा गिअरच्या दात्यांवरील खुणा जुळवतात. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समुळे अशी इंजिने महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होते. तिच्या चतुर्घाती इंजिनाचा कॅमशाफ्ट सिलिंडर हेडमध्ये असतो.

फेरबदल केलेल्या इंजिनात केवळ खुणांवर विसंबता येत नाही. हेड घासून सपाट केले की कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांतील अंतर घटते आणि चेन वा पट्ट्याच्या रचनेत कॅमशाफ्ट किंचित मागे पडतो. वेगळ्या आकाराचा कॅमशाफ्ट बसवल्यास मूळ मापेही लागू राहत नाहीत. कॅमच्या गिअरला ४० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे कॅमशाफ्टचे ९ व क्रँकशाफ्टचे १८ अंश. म्हणून सूक्ष्म बदलासाठी लांबट छिद्रांचा समायोज्य गिअर वापरतात.

मोजमाप
स्पार्क प्लग काढून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या मृतबिंदूवर, म्हणजे टीडीसीवर आणतात. क्रँकशाफ्टवर अंशांची तबकडी व झडपेवर डायल गेज लावतात. इंजिन त्याच्या चालीच्या दिशेनेच हाताने फिरवून, झडप सर्वाधिक उघडण्यापूर्वी व नंतर ती समान उचललेली असतानाचे दोन अंश टिपतात. त्यांचा मध्य हा कॅमचा मध्यबिंदू असतो.

समजा, शोषण झडप वरच्या मृतबिंदूपूर्वी २० अंशांवर उघडते व खालच्या मृतबिंदूनंतर ६० अंशांवर मिटते. ती २६० अंश उघडी राहते आणि तिचा मध्य वरच्या मृतबिंदूनंतर ११० अंशांवर येतो. समायोज्य गिअर २ अंशांनी पुढे सरकवल्यास क्रँकशाफ्टच्या मोजणीत ४ अंशांचा फरक पडतो: झडप २४ अंशांवर उघडते, ५६ अंशांवर मिटते आणि मध्य १०६ अंशांवर येतो.

परिणाम
शोषण झडप लवकर मिटल्याने कमी फेऱ्यांवरील ओढ सामान्यतः वाढते. ती उशिरा मिटल्यास वेगात येणारे मिश्रण अधिक वेळ आत शिरते व जास्त फेऱ्यांवरील शक्ती सुधारते. एका टोकाला मिळालेला लाभ बहुधा दुसऱ्या टोकाला गमवावा लागतो.

धोके व नियम
अनेक इंजिनांत टायमिंग चुकल्यास पिस्टन झडपेवर आदळून झडप वाकते. त्यामुळे इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवतात. अडथळा जाणवल्यास जोर न लावता जुळणी पुन्हा तपासतात. पिस्टन व झडप यांतील फट पिस्टनवर मऊ माती ठेवून, तिच्यावर उमटलेल्या ठशावरून मोजतात.

टायमिंग बदलल्याने धुरातील प्रदूषकांचे प्रमाणही बदलू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असे फेरबदल वाहनमालकाला करता येत नाहीत.