गुगलच्या आधी सिस्टरना माहीत होतं

हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा, म्हणून नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच आहे.

गोष्ट ऑस्ट्रेलियातली. क्वीन्सलँड राज्यात बंडाबर्ग नावाचं गाव आहे. चारी बाजूंनी ऊस, साखर कारखाने, आणि मळीपासून बनणारी प्रसिद्ध रम. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तिथे फार परकं वाटणार नाही. फरक एवढाच की मोठं हॉस्पिटल हवं तर साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर ब्रिस्बेनला जायचं. अशा गावांत डॉक्टर यायला तयार नसतात, त्यामुळे तिथली सरकारी हॉस्पिटलं बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांवर चालायची.

१ एप्रिल २००३ ला तिथे एक सर्जन रुजू झाला. डॉ. जयंत पटेल. जन्म जामनगरचा, एमबीबीएसही तिथलंच, पुढचं शिक्षण आणि नोकरी अमेरिकेत. थोड्याच दिवसांत तो सर्जरी विभागाचा प्रमुखही झाला. ऑपरेशनं भराभर करायचा, वेटिंग लिस्ट खाली आणायचा. तिथे ठरलेल्या ऑपरेशनांचं टार्गेट असायचं आणि त्यावर हॉस्पिटलला पैसे मिळायचे. म्हणजे बघा, मॅनेजमेंटच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं. आमच्या ऑफिसात पण असे लोक असतात, स्प्रिंटमध्ये सगळ्यात जास्त तिकिटं बंद करणारे. ती नंतर किती वेळा परत उघडली ते कुणी मोजत नाही.

इथे मात्र मोजलं, आणि नर्सेसनी मोजलं.

टोनी हॉफमन ही आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. पटेल आल्यावर दोनच महिन्यांत तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. मुद्दा अगदी साधा होता. पटेल अन्ननलिका काढण्याची मोठी ऑपरेशनं करत होता. अशा पेशंटला नंतर बरेच दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो, आणि बंडाबर्गचं आयसीयू एक-दोन दिवस व्हेंटिलेटर चालवण्यापुरतंच होतं. तिचं म्हणणं, ही ऑपरेशनं इथे नकोत, पेशंटला ब्रिस्बेनला पाठवा. उत्तर काय मिळालं? दोघांचे स्वभाव जुळत नाहीत. पुढे दीड-दोन वर्षं हेच पालुपद.

रीनल युनिटमधल्या नर्सेसची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती शुद्ध डेटाची आहे. पोटातून डायलिसिस करायला एक नळी बसवतात. पटेलने २००३ मध्ये सहा पेशंटना ती बसवली होती. सिस्टरनी तक्ता केला, एका बाजूला पेशंट, दुसऱ्या बाजूला काय झालं ते. सहापैकी सहा जणांना त्रास. शंभर टक्के! त्यांच्या किडनीच्या डॉक्टरने तक्ता बघितला आणि आपले पेशंट पटेलकडे पाठवणं बंद केलं. तक्ता वरपर्यंतही गेला. वर काही हललं नाही.

हे मी माझ्या मावशीला फोनवर सांगितलं. ती एकतीस वर्षं नर्स होती, आता रिटायर आहे. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "अरे, कोणाच्या हाताला काय आहे ते आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळतं. टाके कोणाचे सुटतात, ताप कोणाच्या पेशंटला येतो, रात्री शेजारी बसलेलं कोण असतं? आम्हीच ना!" मी विचारलं, मग तू कधी तक्रार केलीस? ती जरा थांबली. मग म्हणाली, "एकदा. लेखी नाही." पुढे तिने विषय बदलला, आणि मीही ओढून विचारलं नाही.

लेखी. सगळी गोष्ट या शब्दापाशी अडते.

जुलै २००४ मध्ये एक पेशंट आला, कारवॅनखाली छाती चिरडलेला. त्याला ब्रिस्बेनला हलवावं म्हणून हॉफमनचा आग्रह, पटेलचा विरोध. पेशंट गेला. ऑक्टोबरमध्ये हॉफमनने जिल्ह्याच्या मॅनेजरला सविस्तर पत्र दिलं, एकेक केस मांडून. आता वेळ बघा. हे पत्र हातात असताना हॉस्पिटलने पटेलला करार वाढवायची ऑफर दिली. मग फेब्रुवारी २००५ मध्ये राज्याचे मुख्य आरोग्य अधिकारी चौकशीला आले, सगळ्यांशी बोलले आणि गेले. पटेल ऑपरेशनं करतच होता.

मार्चमध्ये हॉफमन तिथल्या आमदाराकडे गेली, रॉब मेसेंजर. २२ मार्चला त्याने हा विषय राज्याच्या विधानसभेत मांडला. शाबासकी मिळाली असेल असं वाटत असेल तर चूक. आरोग्यमंत्री आणि खात्याचे बडे अधिकारी बंडाबर्गला आले आणि स्टाफलाच बोलून गेले. डॉक्टरवर अन्याय झाला, असा सूर. दरम्यान पटेल एप्रिलच्या सुरुवातीला विमानाने अमेरिकेला निघून गेला. तिकिटाचे पैसे आरोग्य खात्याने भरले.

आणि मग तो सीन, ज्यासाठी मी हा एपिसोड करायला घेतला. कुरियर-मेल या ब्रिस्बेनच्या पेपरचा पत्रकार हेडली थॉमस कॉम्प्युटरवर बसला आणि त्याने गुगलमध्ये डॉक्टरचं नाव टाकलं. बस्स! अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या मेडिकल बोर्डाने २००० मध्ये पटेलवर ऑपरेशनांबाबत निर्बंध घातले होते. न्यूयॉर्कमध्ये २००१ ला त्याने लायसन्स सोडून दिलं होतं. सगळं उघड, सगळं ऑनलाइन. १३ एप्रिल २००५ ला बातमी छापून आली.

क्वीन्सलँडच्या बोर्डाकडे तर ओरेगनचा कागदच आलेला होता. त्यावर लिहिलेलं की या डॉक्टरविरुद्ध आदेश आहे, सोबत जोडलेला कागद पाहा. सोबत कागदच नव्हता. कुणी विचारलं नाही, कुठेय तो? फॉर्ममध्ये पटेलने आपल्यावर कधी बंधन आलेलं नाही असं भरलं होतं, तेच खरं धरलं. कोडमध्ये नल चेक राहून गेला की आम्हाला रात्री दोनला फोन येतो. इथे दोन वर्षं फोन करणाऱ्या नर्सेसच होत्या, आणि उचलणारं कुणी नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. चौकशी आयोग बसला. आयोगाचा प्रमुख पक्षपाती वाटतो म्हणून कोर्टाने तो बंद पाडला, मग जेफ्री डेव्हिस यांचा दुसरा आयोग आला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २००५ चा. तेरा मृत्यूंमध्ये पटेलच्या निकृष्ट उपचारांचा हात होता, असं त्यात म्हटलं आहे. २००८ मध्ये पटेलला अमेरिकेतून आणलं, २०१० मध्ये सदोष मनुष्यवधाचे तीन आणि गंभीर इजेचा एक गुन्हा सिद्ध, सात वर्षं शिक्षा.

इथे बरेच यूट्यूब व्हिडिओ थांबतात. ते अर्धवट आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ही शिक्षा रद्द केली. सरकारी पक्षाने खटला चालू असताना मध्येच आपली मांडणी बदलली, आणि तोवर ज्युरीसमोर बरंच असं काही येऊन गेलं होतं की जे यायला नको होतं. २०१३ च्या फेरखटल्यात एका मृत्यूच्या आरोपातून तो निर्दोष सुटला, दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, उरलेले आरोप मागे घेतले. शेवटी त्याने फसवणुकीचे चार गुन्हे कबूल केले, म्हणजे लायसन्सबद्दल खोटं बोलणं. दोन वर्षं शिक्षा, तीही स्थगित. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉक्टरकी करायला कायमची बंदी. म्हणून त्याला 'किलर' वगैरे म्हणणं मला पटत नाही. पण सिस्टरचा तक्ता कुठल्याही कोर्टाने खोटा ठरवलेला नाही.

आणखी एक. त्या काळात तिथल्या इतर भारतीय डॉक्टरांकडेही लोक संशयाने बघू लागले, ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. गावाकडचे दवाखाने तर त्यांच्याच जिवावर चालू होते.

हॉफमनला २००६ मध्ये 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'मधला लोकल हीरो पुरस्कार मिळाला. क्वीन्सलँडने २०१० मध्ये तक्रारदारांसाठी नवा कायदा केला, त्यात आमदाराकडे आणि ठराविक परिस्थितीत पत्रकाराकडे जायलाही संरक्षण आहे. आपल्याकडे व्हिसलब्लोअर कायद्यावर राष्ट्रपतींची सही २०१४ ला झाली, पण तो लागू करायची तारीख अजून जाहीर झालेली नाही.

एपिसोड टाकायच्या आधी मावशीला ऐकवला. "तक्त्याचं चांगलं सांगितलंस," म्हणाली. मग म्हणाली, माझं नाव घालू नकोस हं.

नाही घातलं, मावशी.