सातारचे दातार आणि अपुरी राहिलेली शर्यत

मिरजेत आमच्या घराजवळच्या मैदानावर पहाटे मुलं पळतात. पोलीस भरतीची तयारी: 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. फजरची नमाज आटोपून मी चालायला जातो, तेव्हा त्यांच्या तीन-चार फेऱ्या झालेल्या असतात. त्यातला एक शेजारच्या मोहल्ल्यातला. मागच्या भरतीत थोडक्या गुणांनी गेला. एकदा दम खात पायरीवर बसला असताना त्यानं विचारलं, "चाचा, तुम्ही इतिहासाचं लिहिता ना? आपल्या भागातून कुणी पळायला परदेशात गेलं होतं का?"

"गेले होते. 1920 साली, ऑलिम्पिकला. साताऱ्याचे सदाशिव दातार."

"कितवे आले?"

"शर्यत पूर्ण झाली नाही त्यांची."

तो हसला नाही. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "मग नाव कसं राहिलं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा प्रयत्न.

गोष्ट पुण्यात सुरू होते. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. स्पर्धेत उतरलेले बरेचसे धावपटू खेड्यापाड्यांतले शेतकरी. पायात बूट नाहीत, धावण्याचं शिक्षण नाही. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींतली त्यांची वेळ पाहून टाटा चकित झाले. युरोपातल्या धावपटूंच्या ती फार मागे नव्हती. या मुलांना ऑलिम्पिकला पाठवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला आणि स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले.

आपल्याकडच्या तयारीचा एक किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. निवड समितीतल्या एका सभासदाला विचारलं, 100 यार्डांच्या शर्यतीला किती वेळ लागायला हवा? ते म्हणाले, एक-दोन मिनिटं. इथे हिशेब सेकंदांचा आणि सेकंदाच्या भागांचा असतो, हे ऐकून ते थक्क झाले. किस्सा गमतीचा आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. पळणारे पाय आपल्याकडे होते, घड्याळ नव्हतं.

एप्रिल 1920 मध्ये पुण्यात निवड चाचणी झाली. संघात चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, हुबळीचे कैकाडी आणि साताऱ्याचे दातार. कुस्तीसाठी कुमार नवले आणि कोल्हापूरकडचे रणधीर शिंदे. बॅनर्जी सोडले तर सगळे आपल्याच मुलखातले, कृष्णेपासून मलप्रभेपर्यंतचे.

सांगलीकरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1920 चा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता. तासगाव, वाळवा, खानापूर हे सगळे तालुके त्यातच होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे दातार साताऱ्याचे की सांगलीचे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हा आपलं घर एकच होतं.

संघासोबत व्यवस्थापक म्हणून दोघे गेले. एक सोहराब भूत, पारशी. दुसरे डॉ. ए. एच. ए. फैजी, मुंबईच्या प्रसिद्ध फैजी घराण्यातले. डेव्हिस चषकात भारताकडून खेळणारे टेनिसपटू याच घराण्याने दिले. हे नाव मी मुद्दाम घेतो. आपल्या जलशांत, भाषणांत बादशहा आणि सरदार यांची नावं घडाघडा येतात. भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक संघाबरोबर अँटवर्पला गेलेल्या या मुसलमान डॉक्टरचं नाव मी एकाही भाषणात ऐकलेलं नाही. विसरण्याचा दोष नेहमी दुसऱ्यांचाच नसतो.

काळही पाहा. खिलाफतीची चळवळ जोरात होती. 1 ऑगस्ट 1920 रोजी असहकार सुरू झाला आणि त्याच दिवशी पहाटे मुंबईत टिळक गेले. म्हणजे देशात सरकारशी संबंध तोडण्याची हाक उठत होती आणि सरकारच्याच मदतीने गेलेला संघ युरोपात भारताच्या नावाने उभा राहत होता. देश स्वतंत्र नव्हता, पण संचलनात त्याचं नाव वेगळं होतं. हा विरोधाभास त्या सहा जणांनी अंगावर वागवला.

अँटवर्प शहर महायुद्धातून नुकतंच सावरत होतं. 5,000 मीटर जिंकणाऱ्या फ्रान्सच्या जोसेफ गिलेमोची फुप्फुसं युद्धातल्या विषारी वायूने दुखावलेली होती. 10,000 मीटर फिनलंडच्या पावो नुर्मीने जिंकली. त्याच शर्यतीत आपले चौगुलेही उतरले होते, पण अंतिम फेरी त्यांना गाठता आली नाही.

मॅरेथॉन 22 ऑगस्टला होती. अंतर 42,750 मीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा 555 मीटर जास्त. फिनलंडचा हॅनेस कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटं 35.8 सेकंदांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45.4 सेकंदांत एकोणिसावे. जगातल्या सर्वोत्तम धावपटूपेक्षा बेळगावचा हा माणूस अवघी 18 मिनिटं मागे होता. दातारांच्या नावापुढे मात्र वेळ नाही, क्रमांक नाही. शर्यत अपूर्ण, एवढीच नोंद.

तिकडे कुस्तीत शिंदे चौथे आले. संघ पदकाशिवाय परतला. पण रस्ता पडला होता. 1924 च्या पॅरिसला मोठा संघ गेला आणि 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली.

पुढचं आपल्या डोळ्यांसमोर आहे. माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओला 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात 8 मिनिटं 11.20 सेकंदांत दुसरा आला. सुवर्ण हुकलं ते 0.05 सेकंदाने. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. ती साखळी एका दुष्काळी गावच्या शेतकऱ्याच्या मुलाने तोडली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णही आणलं.

1919 मध्ये टाटांनी पाहिलेले ते अनवाणी पाय आणि साबळेचे पाय एकाच मातीतले आहेत. मध्ये शंभर वर्षं गेली. या काळात आपल्याकडे घड्याळ आलं, बूट आले, प्रशिक्षक आले. पण पहिल्यांदा कुणीतरी तयारी अपुरी असताना जाऊन उभं राहावं लागतं. ते काम दातारांनी केलं.

परवा त्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे चाचा, त्यांचं नाव राहिलं ते पळायला उभे राहिले म्हणून."

"हो."

"भरतीत तसं नाही राहत."

त्याचं खरं होतं. मी काही बोललो नाही. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला, त्यावरचं घड्याळ शून्यावर आणलं आणि रेषेवर जाऊन उभा राहिला. "चाचा, वेळ लावा," म्हणाला. मी लावली.